चीनच्या दारीं गेलेलें शिष्टमंडळ आणि आपल्या खळ्यावरील भात

मुरबाड तालुक्यांतील म्हसा येथें पौषी पौर्णिमेस जी यात्रा भरते ती आपल्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. तेथील बैलबाजाराची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. दलाल दोन्ही पक्षांस गोड बोलून एके ठिकाणीं आणतो, चहापाणी होतें, एकमेकांच्या गांवची खुशाली विचारली जाते. परंतु घेणारा शेतकरी बैलाचें तोंड उघडून दांत पाहिल्यावांचून आणि त्यास चार पावलें चालवून घेतल्यावांचून गांठीचा पैका सोडीत नाहीं. दलालाचें काम जेथें संपतें तेथून जनावराच्या गुणाचें काम सुरू होतें.

दोन देशांमधील व्यापाराची रीत याहून फारशी निराळी नाहीं. सरकारचें शिष्टमंडळ परदेशच्या शहरीं जातें, तेथील अधिकाऱ्यांकडून त्याचा सत्कार होतो, करारांवर सह्या होतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात. तेवढ्यावरून ‘आतां आपल्या मालास भाव येणार’ अशी आशा खेड्यापाड्यांत पसरते. आणि वर्ष-दोन वर्षांत कांहींच घडलें नाहीं म्हणजे ‘हीं सर्व थोरामोठ्यांच्या सहलीचीं निमित्तें’ असा उलट टोंकाचा ग्रह होतो. आमच्या मतें हे दोन्ही ग्रह सारखेच चुकीचे आहेत. शिष्टमंडळ परदेशचें दार उघडूं शकतें. परंतु त्या दारांतून आंत जाण्याजोगा माल तयार करणें त्याच्या हातीं नसतें. तें आपल्या हातीं आहे. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत भात पिकविणारांच्या दृष्टीनें या प्रश्नाचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

सह्या झालेले करार व त्यांचें पुढें काय झालें

प्रथम आपल्या राज्याचाच अनुभव पाहूं. सप्टेंबर २०१४ मध्यें मुंबई व शांघाय हीं भगिनीनगरें झाल्याचा करार झाला. पुढें १५ मे २०१५ रोजीं बीजिंग येथें दोन्ही देशांतील राज्यांच्या व प्रांतांच्या प्रमुखांची पहिली परिषद भरली. तीस महाराष्ट्राचे मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस व गुजराथच्या मुख्यमंत्री श्रीमती आनंदीबेन पटेल हजर होते. त्याच दौऱ्यांत औरंगाबाद, म्हणजे हल्लींचें छत्रपती संभाजीनगर, आणि चीनमधील दुन्हुआंग यांच्यामध्येंहि भगिनीनगरांचा करार झाला. एकीकडे अजिंठा-वेरूळचीं लेणीं, दुसरीकडे मोगाव येथील बौद्ध लेणीं. तेव्हां हें नातें शोभणारें होतें यांत शंका नाहीं. परंतु भगिनीनगर म्हणजे बाजारपेठ नव्हे. ओळख झाली म्हणजे सौदा झाला असें नव्हे, हें म्हशाचा बाजार पाहिलेल्या माणसास सांगावयास नको.

दुसरा अनुभव अधिक बोधप्रद आहे. १५ जून २०२० रोजीं महाराष्ट्र सरकारनें तीन चिनी उद्योगांबरोबर, किंवा चिनी भागीदार असलेल्या उद्योगांबरोबर, मिळून सुमारें ५,००० कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले. त्यांत पुण्याजवळील तळेगांव येथें मोटारी तयार करण्याचा ‘ग्रेट वॉल मोटर्स’चा बेत सर्वांत मोठा होता. त्याच रात्रीं लडाखमधील गलवान खोऱ्यांत दोन्ही सैन्यांची झटापट होऊन आपले वीस जवान धारातीर्थीं पडले. आठवडाभरांतच ते करार जेथल्या तेथें थांबविण्यांत आले, आणि २०२२ सालीं त्या मोटार कंपनीनें हिंदुस्थानांत येण्याचा बेतच सोडून दिला. सही करणारांची यांत कांहीं चूक होती असें नाहीं. परंतु दोन देशांमधील राजकारणाचा वारा फिरला म्हणजे कोट्यवधींचे कागदहि उडून जातात, एवढें त्यावरून ध्यानांत ठेविलें पाहिजे.

एक जुनें उदाहरण

शेतकीच्या कामासाठीं चीनकडे शिष्टमंडळ जाण्याची गोष्टहि नवी नाहीं. १९५६ सालीं भारत सरकारनें अशीं दोन शिष्टमंडळें तेथें पाठविलीं होतीं. त्यांपैकीं सहकारी शेतीचा अभ्यास करण्यासाठीं गेलेल्या शिष्टमंडळाचे प्रमुख श्री. आर. के. पाटील हे होते. हे गृहस्थ सनदी नोकरी सोडून राष्ट्रकार्यांत पडलेले आणि १९५० सालीं स्थापन झालेल्या पहिल्या नियोजन मंडळाचे सभासद होते. त्यांचा अहवाल १९५७ सालीं प्रसिद्ध झाला. चीनमधील सहकारी शेतीनें उत्पन्न वाढलें आहे व आपणांसहि तो मार्ग घेण्याजोगा आहे, असा त्याचा एकंदर सूर होता. मात्र कांहीं सभासदांनीं आपलें वेगळें मत त्यास जोडलें. शेतकरी तेथें खरोखर आपखुषीनें एकत्र आले आहेत काय, याविषयीं त्यांस संशय होता.

पुढें काय झालें तें जगास ठाऊक आहे. १९५८ सालापासून चीनमध्यें सर्व शेती मोठमोठ्या कम्यूनांत घालण्यांत आली. पिकांचे आंकडे फुगवून कळविले जाऊं लागले. आणि १९५९ ते १९६१ या वर्षांत तेथें असा दुष्काळ पडला कीं, त्यांत कोट्यवधि माणसें अन्नावांचून मेलीं. पाहुण्यास जें दाखविलें जातें तें नेहमींच घरचें खरें चित्र नसतें. ज्या सभासदांनीं शंका नोंदविली त्यांनीं शिष्टमंडळाचा मान कमी केला नाहीं; उलट त्यांच्याच मुळें तो अहवाल आज पुन्हा वाचण्याजोगा झाला आहे. परदेशाहून परत येणारानें काय आवडलें तेवढेंच न सांगतां काय पटलें नाहीं तेंहि सांगावें, असा पायंडा यावरून पडावयास हवा.

चिंगदाव येथील करार

आतां आपल्या भाताकडे वळूं. ९ जून २०१८ रोजीं चीनच्या पूर्व किनाऱ्यावरील चिंगदाव या बंदराच्या शहरीं आपल्या व चीनच्या सरकारांमध्यें तांदुळाविषयीं एक करार झाला. तोंपर्यंत चीनमध्यें आपला बासमती तांदूळच काय तो जाऊं शके. या करारानें बासमतीखेरीज इतर तांदुळासहि दार उघडलें. आपल्या कोंकणपट्टींत बासमती पिकत नसल्यामुळें, आपल्या दृष्टीनें खरी महत्त्वाची गोष्ट हीच होय.

परंतु कराराचें नांव पाहिलें तर त्यांत भावाचा किंवा खरेदीचा शब्दहि नाहीं. तो करार वनस्पतींच्या रोगकिडींपासून संरक्षणाचा आहे. तांदूळ कोणत्या किडींपासून मुक्त असावा, तो कोणत्या गिरणींत सडलेला असावा, त्यास धुरी कशी दिलेली असावी, दाखला कोणीं द्यावा, हेंच त्याचें अंतरंग. चीनची मोठी धास्ती खापरा भुंगेऱ्याची. हा किडा कोठारांतील भेगांत व जुन्या गोणपाटाच्या शिवणींत दडून बसतो आणि खावयास न मिळतांहि दीर्घकाळ जिवंत राहतो. त्यामुळें तेथील अधिकाऱ्यांनीं येथें येऊन गिरण्या पाहिल्या आणि आरंभीं साऱ्या हिंदुस्थानांतून अवघ्या १९ गिरण्यांचीं नांवें पटावर घेतलीं.

त्यानंतर २८ सप्टेंबर २०१८ रोजीं पहिला माल रवाना झाला. तो १०० टन होता आणि तो निघाला आपल्याच राज्यांतील नागपुराहून. नागपूर समुद्रापासून शेंकडों मैल दूर. आपल्या शहापूर-मुरबाडाहून न्हावाशेवाचें बंदर मालमोटारीस कांहीं तासांच्या वाटेवर. शहापुरास आसनगांवचें रेल्वे स्टेशन जवळ, मुंबई-आग्रा रस्ता दारावरून जाणारा, आणि ५ जून २०२५ पासून समृद्धि महामार्गहि पुरा खुला झालेला. तरीहि आपण जवळचे असून मागें राहिलों, कारण बंदर जवळ असणें निराळें आणि पटावर नांव असलेली गिरणी, एकजिनसी माल व त्याचा हिशेब जवळ असणें निराळें.

कणीची गोष्ट

या व्यवहाराचें दुसरें प्रकरण अधिक विचार करण्याजोगें आहे. डिसेंबर २०२० मध्यें चीनच्या व्यापाऱ्यांनीं कित्येक दशकांनंतर आपल्याकडून तांदूळ मोठ्या प्रमाणावर विकत घेण्यास आरंभ केला. आणि त्यांनीं घेतली ती कणी. चीनमध्यें तिच्या शेवया व मद्य होतें आणि जनावरांस खाद्यहि होतें. पहिला सौदा सुमारें एक लक्ष टनांचा असून भाव टनास ३०० डॉलरांच्या आसपास होता. त्या वेळच्या हुंडणावळीनें हा भाव किलोस साधारण २२ रुपये पडतो. त्याच हंगामांत सरकारनें भातास ठरविलेली आधारभूत किंमत क्विंटलला १,८६८ रुपये, म्हणजे किलोस १८ रुपये ६८ पैसे, इतकी होती.

हे दोन भाव एकमेकांशीं जसेच्या तसे ताडून पाहतां येणार नाहींत हें खरें. २२ रुपयांत गोणपाट, वाहतूक, बंदराचा खर्च व व्यापाऱ्याचा नफा हे सर्व आले. तरीहि ज्या वस्तूस आपण गिरणींतील गाळ समजतों, ती परदेशच्या जहाजावर आपल्या अख्ख्या भाताहून चढ्या भावानें चढली, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

ती कणी कोणाची होती, याचा विचार करा. सरकारी खरेदींतील भात सडून देतांना गिरणीवाल्यानें १०० किलो भातामागें ६७ किलो तांदूळ द्यावा, असा नियम आहे. आणि त्या तांदुळांत शेंकडा २५ पर्यंत तुकडा चालवून घेण्याची रीत बरींच वर्षें चालत आलेली आहे. उरलेल्या वजनांत मुख्यतः तूस व कोंडा असतो. कोंड्याचें तेल निघतें, तुसानें भट्टी पेटते. म्हणजे आपला शेतकरी एक पोतें भात विकतो तेव्हां तो तांदूळ, कणी, कोंडा व तूस असे चार जिन्नस विकतो, आणि पैसे मात्र एकाच जिनसाचे घेतो. शिष्टमंडळ कितीहि मोठें असो, जोंवर आपण भात विकतों तोंवर परदेशच्या दाराचा लाभ भात विकत घेणारासच होणार. या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचें सार एवढेंच आहे.

दार उघडतें तसें मिटतेंहि

याबरोबरच एक इशारा देणें अवश्य आहे. २०२१ सालीं चीननें आपल्याकडून सुमारें अकरा लक्ष टन तांदूळ नेला, व त्यांत बहुतेक कणीच होती. परंतु सप्टेंबर २०२२ मध्यें देशांत पावसाचें मान बिघडून लावणी कमी झाल्यामुळें आपल्याच सरकारनें कणीच्या निर्यातीस बंदी केली. २० जुलै २०२३ रोजीं बासमतीखेरीज पांढऱ्या तांदुळासहि बंदी झाली. तांदुळाची बंदी सप्टेंबर २०२४ मध्यें व कणीची मार्च २०२५ मध्यें उठली. देशांत धान्य महाग होऊं लागलें म्हणजे गरिबांच्या पोटाचा विचार सरकारला प्रथम करावा लागतो, हें आपण समजूं शकतों. परंतु परदेशच्या एकाच गिऱ्हाइकावर सारा भरंवसा टाकून कर्ज काढणारा शेतकरी अशा वेळीं बुडतो. निर्यात ही वरकड कमाई समजावी. पोटाचा आधार जवळच्याच बाजारावर ठेवावा.

आपल्याकडील दार

मग आपण करावयाचें तें काय? आपल्या दोन्ही तालुक्यांत पाऊस शंभर इंचांच्या आसपास पडतो. तानसा, भातसा व मोडकसागर हीं मुंबईची तहान भागविणारीं धरणें शहापूर तालुक्यांतच आहेत. पण आपल्या बहुतेक शिवारांत भाताचें एकच पीक निघतें. तेव्हां त्या एकाच पिकाचा दाणा न् दाणा सांभाळणें भाग आहे. यासाठीं पुढील गोष्टींस खर्च थोडा व लक्ष फार लागतें:

१. बियाणें. एका वाडीचें शिवार एकाच जातीनें लावावें. हळवें, निमगरवें व गरवें भात एकाच पोत्यांत पडलें म्हणजे गिरणींत बारीक दाणा अखंड जातो व जाड दाणा फुटतो, किंवा जाड नीट सडला जाईपर्यंत बारकाचा चुरा होतो. कर्जत येथें १९१९ सालापासून भाताचें संशोधन केंद्र आहे. तेथील ‘कर्जत ३’, ‘कर्जत ७’ यांसारख्या जाती आपल्याच हवापाण्यांत पारखलेल्या आहेत. जात कोणतीहि घ्या, पण ती सर्वांनीं मिळून घ्या.

२. कापणी व वाळवण. भात अति पिकून उभें राहिलें, आणि वर परतीचा पाऊस लागून पुन्हां ऊन पडलें, म्हणजे दाण्यास आंतून चीर जाते. ती वरून दिसत नाहीं. गिरणींत मात्र तिचीच कणी होते. भर दुपारच्या उन्हांत डांबरी रस्त्यावर पातळ पसरलेलें भातहि असेंच तडकतें. बेताच्या थरानें पसरून, वरचेवर उलथून, सावकाश वाळवावें. सरकारी खरेदींत शेंकडा १७ पर्यंत ओल चालते. परंतु सडण्यास व सांठविण्यास शेंकडा १४ हें प्रमाण चांगलें. दांताखालीं दाणा कट्कन तुटला म्हणजे तें वाळलें असें आपले वडील समजत, ती पारख आजहि खोटी नाहीं.

३. पोतें व कोठार. जुनीं पोतीं उकळत्या पाण्यांतून काढून कडक उन्हांत वाळविल्यावांचून त्यांत भात भरूं नये. कोठाराच्या भेगा लिंपून घ्याव्या. गेल्या वर्षींचें उरलेलें धान्य नव्याशेजारीं ठेवूं नये. खापरा भुंगेऱ्याची चीनला धास्ती वाटते तशी आपणांसहि वाटावयास हवी, कारण तो परदेशीं जाण्यापूर्वीं आपलेंच धान्य खातो.

४. एकत्र सडणें. एकट्याचीं दहा पोतीं घेऊन कोणी गिरणीवाल्याशीं भाव करूं शकत नाहीं. पांच-सहा गांवांनीं मिळून एका जातीचें भात एकाच वेळीं सडून घेतलें, सडणावळ रोख दिली आणि तांदूळ, कणी व कोंडा हे तिन्ही जिन्नस मोजून परत घेतले, तर प्रत्येकाचा भाव आपणांस कळेल. पहिल्या वर्षीं कदाचित् फारसा नफा होणार नाहीं. परंतु आपला माल कितीचा, हें कळणें हाच मोठा नफा आहे. सरकारी आधारभूत किंमत २०२५-२६ च्या हंगामासाठीं साधारण भातास क्विंटलला २,३६९ रुपये आहे. आपल्या सडलेल्या मालाची एकंदर किंमत, खर्च वजा जातां, तिच्याहून वर गेली कीं खालीं राहिली, हें प्रत्येक गटानें वहींत लिहून ठेवावें. खालीं राहिली तर भात सरकारी केंद्रावर द्यावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

शेजारच्या वाडा तालुक्याचें उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१४ पर्यंत तो आपल्याच ठाणें जिल्ह्यांत होता. तेथील कोलम तांदुळास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्यासाठीं कोणत्याहि शिष्टमंडळास समुद्र ओलांडावा लागला नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या राखलेला दाणा आणि त्याचें नांव एवढ्यावरच तें काम झालें.

शिष्टमंडळास विचारावयाचे प्रश्न

यावरून सरकारनें शिष्टमंडळें पाठवूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. अवश्य पाठवावीं, पण त्यांत कारखानदारांबरोबर भात पिकविणारा एखादा तरी शेतकरी असावा. तो तेथील बाजारांत जाऊन तांदूळ मुठींत घेऊन पाहील आणि परत येऊन आपल्या भाषेंत सांगेल. त्याशिवाय, पुढें केव्हांहि असें शिष्टमंडळ निघालें, तर आपल्या संघानें आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत त्यास पुढील प्रश्न विचारावे. कोणत्या मालाविषयीं बोलणें होणार व तो माल कोणत्या तालुक्यांत पिकतो? तेथील अटी मराठींत छापून गांवोगांव केव्हां मिळणार? पटावर घ्यावयाच्या गिरण्यांत आपल्या जिल्ह्यांतील एक तरी असेल काय? दार मधेंच मिटल्यास शिल्लक माल कोण घेणार? आणि परत आल्यावर न पटलेल्या गोष्टींसह अहवाल प्रसिद्ध होणार काय? ज्या शिष्टमंडळाजवळ या प्रश्नांचीं उत्तरें असतील, त्यास निरोप देण्यास आपण आसनगांवच्या स्टेशनपर्यंत आनंदानें जाऊं.

सभासद बंधूंनो, चीन दूर आहे. कल्याण जवळ आहे. कल्याण, डोंबिवली, ठाणें व मुंबई येथील घराघरांत रोज दोन वेळ भात शिजतो, आणि तेथील गृहिणी मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन त्यांत कणी किती, खडा किती, हें चिनी अधिकाऱ्याइतक्याच बारकाईनें पाहते. तिच्या परीक्षेंत जो तांदूळ उतरेल तोच उद्यां चिंगदावच्या धक्क्यावरहि उतरेल. यंदाच्या झोडणीपासून निदान एका वाडीनें तरी एका जातीचें, नीट वाळविलेलें भात एकत्र सडून त्याचा हिशेब संघाकडे धाडावा, अशी आमची विनंती आहे. तो हिशेब तोट्याचा असला तरी या मासिकांत आम्ही तो जसाच्या तसा छापूं.